शेतातील कर्ब समुद्रात कसा ओळखतात?

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या म्हणजे कुही तालुक्यातील नाले गढूळ पाण्याने भरून वाहू लागतात. ते पाणी कन्हान व वैनगंगा या नद्यांस मिळते आणि पाहता पाहता दृष्टीआड होते. वाहून जाणारी माती शेतकऱ्यास दिसते व तिच्याबद्दल तो हळहळतो. परंतु त्या पाण्यात डोळ्यांस न दिसणारेही पुष्कळ काही असते. हे पाणी काचेच्या बाटलीत काही दिवस स्थिर ठेवून गाळ खाली बसू दिला व वरचे पाणी गाळणकागदातून गाळले, तरी बहुधा त्यास फिकट चहासारखी छटा राहते. कुजलेला पालापाचोळा, धसकटे, शेणखत व मातीतील ह्यूमस यांचा अंश त्यात विरघळलेला असतो. त्यासच विरघळलेले सेंद्रिय द्रव्य असे म्हणतात. या द्रव्याचा मुख्य घटक कर्ब, म्हणजेच कार्बन, होय.

हे द्रव्य पुढे कोठे जाते, समुद्रास मिळाल्यावर त्याचे काय होते, आणि अथांग खाऱ्या पाण्यात ते जमिनीवरून आलेले आहे हे ओळखावयाचे कसे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची एक शास्त्रीय रीत आता चांगली प्रस्थापित झाली आहे. तिची माहिती शेतकरी बंधूंस व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व्हावी, तसेच तीवरून आपल्या शेतीसाठी कोणता बोध घ्यावयाचा हे कळावे, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

आंभोऱ्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंत

कुही तालुक्यातील आंभोरा हे क्षेत्र नद्यांच्या संगमासाठी प्रसिद्ध आहे. येथे कन्हान नदी वैनगंगेस मिळते. नागपूर शहरातून सांडपाणी घेऊन येणारी नाग नदीही तत्पूर्वी कन्हानेस मिळालेली असते. तेव्हा आंभोऱ्याच्या पाण्यात धानाच्या बांध्या, कापूस, तूर, सोयाबीन व मिरची यांची शेते, सातपुड्यातील जंगले आणि एक मोठे शहर या सर्वांचा अंश एकवटतो.

खाली पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द येथे धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्याच्या फुगवट्याचे पाणी कुही तालुक्यात आतवर पसरलेले असते. धरणात पाण्याचा वेग मंदावतो व जड गाळ तळाशी बसतो. मात्र विरघळलेले द्रव्य गाळाप्रमाणे तळाशी बसत नाही. त्याचा काही भाग जलाशयातील सूक्ष्म जीव खातात, काही नवा भाग तेथील शेवाळ निर्माण करते, आणि उरलेले पाण्याबरोबर दरवाजांतून पुढे जाते.

पुढे चपराळ्याजवळ वैनगंगा व वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. १,४६५ किलोमीटर लांबीची गोदावरी राजमहेंद्रीनंतर धवळेश्वरम येथे पोहोचते. तेथे सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात प्रसिद्ध बंधारा बांधला गेला. त्याखाली नदीचे फाटे फुटून पाणी बंगालच्या उपसागरास मिळते. वर्षाचे बहुतेक पाणी जून ते ऑक्टोबर याच काळात जाते. त्या दिवसांत नदीच्या मुखातील खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते, व उन्हाळ्यात तेथेच समुद्राचे खारे पाणी आत शिरते.

कर्बाचे हलके व जड अणू

समुद्रातही असंख्य सूक्ष्म वनस्पती आहेत. त्या सूर्यप्रकाशावर वाढतात, मरतात, कुजतात, आणि त्यांचेही सेंद्रिय द्रव्य पाण्यात विरघळते. बाटलीतील पाण्यात कर्ब किती आहे हे मोजता येते, पण त्यातील जमिनीचा किती व समुद्राचा किती हे केवळ वजनाने कळत नाही. दुधात दूध मिसळावे तसा हा प्रकार आहे.

यासाठी कर्बाच्या अणूंची मदत होते. निसर्गातील कर्बाचे सर्व अणू एकाच वजनाचे नसतात. शंभरातील सुमारे नव्याण्णव अणूंचा भार १२ असतो, तर साधारण एकाचा भार १३ असतो. रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे, पण वजन वेगळे, अशा अणूंस समस्थानिके म्हणतात. हे दोन्ही अणू कालांतराने फुटून नष्ट होत नाहीत, म्हणून त्यांस स्थिर समस्थानिके असे नाव आहे. त्यांपासून कोणताही किरणोत्सर्ग होत नाही. ते धान्यात, दुधात व माणसाच्या शरीरातही असतात.

नमुन्यातील जड अणूंचे प्रमाण एका ठरीव मापाशी ताडून पाहतात. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात पी डी नावाच्या थरात सापडलेले एका प्राचीन सागरी प्राण्याचे अश्मीभूत कवच हे आरंभी माप म्हणून ठरविले गेले. तो मूळ नमुना आता संपला असून व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सिद्ध केलेले नमुने त्याच्या जागी वापरले जातात. मापापेक्षा जड अणू हजारी किती कमी वा अधिक आहेत हे सहस्रांशांत सांगतात. ‘उणे २७’ याचा अर्थ, हलक्या अणूंच्या तुलनेत जड अणूंचे प्रमाण मापापेक्षा हजारी २७ ने कमी आहे.

धान, ज्वारी व समुद्रातील वनस्पती

वनस्पती हवेतून कर्बाम्ल वायू घेतात. तो घेताना हलका अणू अधिक सुलभतेने जोडला जातो, म्हणून वनस्पतीच्या अंगी जड अणू कमी पडतात. परंतु सर्व वनस्पतींत हे सारख्या प्रमाणात घडत नाही.

धान, गहू, कापूस, तूर, हरभरा, सोयाबीन, मिरची आणि जंगलातील बहुतेक झाडे यांची रीत एक आहे. ती हवेतील वायू सरळ पानातील हरितकणांत वापरतात व हलका अणू वेचून घेण्यास त्यांना भरपूर वाव मिळतो. त्यांचा अंक साधारणतः उणे २७ च्या आसपास येतो. ज्वारी, मका, ऊस, बाजरी व उष्ण प्रदेशातील अनेक गवते यांची रीत निराळी आहे. ऊस कर्ब कसा बांधून घेतो, याचे विवेचन ऑस्ट्रेलियातील हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली केले. या वनस्पती वायू प्रथम पकडून पानाच्या आतल्या बंदिस्त पेशींत नेतात व तेथे त्यातील बहुतेक भाग वापरून टाकतात. निवडीस वाव कमी राहिल्याने त्यांचा अंक उणे १३ च्या आसपास असतो. वनस्पतींचे हे दोन गट जड कर्बावरून वेगळे ओळखता येतात, हे स्मिथ व एपस्टाइन यांनी १९७१ साली दाखवून दिले.

समुद्रातील सूक्ष्म वनस्पती पाण्यात विरघळलेला कर्ब वापरतात. उष्ण प्रदेशाच्या समुद्रात त्यांचा अंक सामान्यतः उणे २० ते उणे २२ च्या दरम्यान पडतो.

हा फरक किती सूक्ष्म आहे याची कल्पना पुढील आकड्यांवरून येईल. एक लाख कर्बअणू घेतले तर त्यांतील जड अणू पुढीलप्रमाणे भरतात :

मूळ मापात : सुमारे १,१११
ज्वारी, मका, ऊस : सुमारे १,०९७
समुद्रातील सूक्ष्म वनस्पती : सुमारे १,०८८
धान, कापूस, जंगलातील झाडे : सुमारे १,०८२

लाखामागे पाच-सहा अणूंचा फरक नेमका मोजणारे यंत्र म्हणजे वस्तुमान-वर्णपटमापक होय. त्यात वायूचे विद्युत्भारित कण चुंबकाच्या प्रभावाखालून सोडतात. हलके कण अधिक वळतात, जड कण कमी वळतात, आणि दोहोंची वेगवेगळी मोजणी होते. उफणताना वाऱ्याने कोंडा दूर पडावा व दाणा जवळ पडावा, तशीच ही विभागणी समजावी.

नमुना कसा तपासतात

पाण्याचा नमुना घेताच तो अतिशय बारीक काचतंतूंच्या गाळणीतून गाळतात, म्हणजे गाळ व सूक्ष्म जीव मागे राहतात. मग त्यात थोडे आम्ल टाकून शुद्ध वायू सोडतात. त्यामुळे चुनखडीसारख्या असेंद्रिय क्षारांपासून आलेला कर्ब वायुरूपाने निघून जातो व केवळ सेंद्रिय कर्ब उरतो. त्याचे उच्च तापमानावर किंवा रसायनांच्या साहाय्याने ज्वलन करून कर्बाम्ल वायू बनवितात व तो यंत्रात सोडतात.

समुद्राच्या पाण्यासाठी हे काम कठीण आहे. त्याच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, तर विरघळलेला सेंद्रिय कर्ब जेमतेम एक मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतो. नमुना घेणाऱ्याच्या हाताचे तेल किंवा बाटलीचे बूच यांनीही मोजणी बिघडू शकते.

भारतात समुद्रविज्ञानाचे काम करणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. तिच्या विशाखापट्टणम येथील प्रादेशिक केंद्रातील शास्त्रज्ञांनी गोदावरीच्या खाडीत व पूर्व किनाऱ्यावरील इतर नद्यांच्या मुखांशी कर्ब व नत्र यांच्या समस्थानिकांचा दीर्घकाळ अभ्यास केलेला आहे.

मीठ व कर्ब यांचा मेळ

समुद्रात गेलेला जमिनीचा कर्ब किती शिल्लक राहिला हे काढण्यासाठी मिठाचा आधार घेतात. मीठ कोणी खात नाही व ते कुजतही नाही. म्हणून पाण्याच्या खारेपणावरून त्यात नदीचे पाणी किती मिसळले हे निश्चित सांगता येते. पुढे सोपे आकडे घेऊन एक उदाहरण दिले आहे.

समजा, नदीच्या एका लिटर पाण्यात जमिनीचा ४ मिलिग्रॅम कर्ब असून त्याचा अंक उणे २७ आहे. समुद्राच्या एका लिटरात समुद्राचाच १ मिलिग्रॅम कर्ब असून त्याचा अंक उणे २१ आहे. किनाऱ्याजवळील एका नमुन्याचा खारेपणा समुद्राच्या निम्मा भरला. म्हणजे त्यात निम्मे पाणी नदीचे आहे. वाटेत काहीच नष्ट झाले नसते, तर त्या लिटरात जमिनीचा २ मिलिग्रॅम व समुद्राचा अर्धा मिलिग्रॅम, असा एकूण अडीच मिलिग्रॅम कर्ब मिळाला असता.

प्रत्यक्षात दीडच मिलिग्रॅम मिळाला व त्याचा अंक उणे २५ आला. उणे २१ पासून उणे २७ पर्यंत एकूण अंतर ६ आहे. नमुना समुद्राच्या अंकापासून ४ अंतरावर आहे. म्हणून त्यातील सहापैकी चार, म्हणजे दोन-तृतीयांश, कर्ब जमिनीचा ठरतो. दीड मिलिग्रॅमचे दोन-तृतीयांश म्हणजे १ मिलिग्रॅम. येणे होते दोन व सापडला एक. यावरून जमिनीचा निम्मा कर्ब वाटेतच नाहीसा झाला असे अनुमान निघते.

अंकाने फसू नये

ही रीत उपयुक्त असली तरी तिच्या मर्यादा ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पहिली गोष्ट अशी की, अंकावरून वनस्पतीचा गट कळतो, गाव कळत नाही. धानाच्या बांधीतून गेलेला कर्ब, जंगलातील सागाच्या पानांचा कर्ब आणि गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगा येथील खारफुटीचा कर्ब यांचे अंक जवळजवळ सारखेच येतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. धानाचा उणे २७ व ज्वारीचा उणे १३ हे कर्ब समभाग मिसळले तर अंक उणे २० येतो, आणि तो समुद्राच्या कर्बासारखा दिसतो. ज्वारी, मका, ऊस व गवताळ कुरणे ज्या खोऱ्यात पुष्कळ आहेत, तेथे केवळ अंकावर विसंबल्यास जमिनीचा कर्ब समुद्राचा समजला जाईल. म्हणून शास्त्रज्ञ प्रथम नदीचेच पाणी निरनिराळ्या ऋतूंत तपासतात. शिवाय फक्त जमिनीवरील वनस्पतींच्या काष्ठात आढळणारे लिग्निन हे द्रव्य शोधतात व जड नत्राचेही प्रमाण पाहतात. सांडपाण्यातून आलेल्या नत्रात जड अणू सामान्यतः अधिक असतात, तर युरियासारख्या रासायनिक खतातील नत्र हवेतील नत्राच्या जवळचे असते. नाग नदीसारख्या प्रवाहाचा परिणाम पाहताना ही खूण उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे, सूर्यप्रकाशाने तपकिरी द्रव्याचे विघटन होताना उरलेल्या द्रव्याचा अंक किंचित बदलतो. म्हणून वर दिलेल्यासारख्या हिशेबात थोडी तूट-वाढ धरावी लागते.

समुद्रात कर्बाचे काय होते

जगातील सर्व नद्या मिळून दर वर्षी सुमारे २५ कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कर्ब समुद्रात नेतात. सर्व महासागरांत मिळून असा कर्ब सुमारे ६६,००० कोटी टन आहे. या गतीने केवळ नद्यांच्याच पुरवठ्याने हा साठा अडीच-तीन हजार वर्षांत भरला असता. तरीही खोल समुद्रातील विरघळलेल्या कर्बाचा अंक तपासला असता तो बव्हंशी सागरी वनस्पतींचाच असल्याचे दिसते. मग नद्यांनी आणलेला कर्ब गेला कोठे, हा प्रश्न अमेरिकेतील हेजेस, कील व बेनर या शास्त्रज्ञांनी १९९७ साली ठळकपणे मांडला.

याचे पुष्कळसे उत्तर किनाऱ्याजवळच मिळते. सूक्ष्म जीव हे द्रव्य खातात, सूर्यप्रकाश ते फोडतो, आणि त्याचा कर्बाम्ल वायू बनतो. सिंगापूरजवळील उथळ समुद्रात सुमात्रा बेटावरील दलदलीच्या पीट जमिनींतून विरघळलेला कर्ब येतो. तेथे याच रीतीने केलेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निम्म्याहून अधिक कर्बाचे असे रूपांतर झाल्याचे आढळून आले. या वायूचा काही भाग हवेत परत जातो. काही भाग पाण्यातच राहून पाण्याचा आम्लपणा वाढवितो, व शिंपले, पोवळी इत्यादी चुन्याचे कवच करणाऱ्या जीवांस ते बाधक ठरते.

यावरून एक समज दूर होण्यास मदत होईल. शेतातून विरघळून गेलेला कर्ब समुद्रात कायमचा साठून राहतो असे नाही. त्याचा मोठा भाग थोड्याच काळात वायू होऊन जातो. शेतासही तो अंतरला व समुद्रातही टिकला नाही, असा हा उभयतांचा तोटा आहे.

गाळात राहिलेली साक्ष

विरघळलेला कर्ब असा नाहीसा होत असला, तरी गाळाबरोबर गेलेला काही कर्ब समुद्रतळाशी गाडला जाऊन टिकतो. २००६ साली भारताच्या राष्ट्रीय वायुहायड्रेट कार्यक्रमात ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळास छिद्र पाडून गाळाचा लांब स्तंभ वर काढला. त्यातील पानांवरच्या मेणाचे जड कर्बाचे प्रमाण तपासले असता, गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत मध्य भारतातील हवामान कसकसे कोरडे झाले व ज्वारीच्या गटातील गवते कशी वाढली हे दिसून आले. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच स्तंभावरील २०१७ सालच्या अभ्यासाने असे दाखविले की, हवामान कोरडे होत गेले, शेती व मनुष्यवस्ती वाढली, तसतशी या खोऱ्यातील मातीची धूपही पुष्कळ वाढली. वैनगंगेचे खोरे गोदावरीचेच असल्याने येथील मातीचा इतिहासही त्या गाळात नोंदला गेलेला आहे.

शेतकऱ्याने काय करावे

एका हेक्टरमधून पावसाळ्यात ३० सेंटिमीटर पाणी वाहून गेले व त्याच्या दर लिटरात ४ मिलिग्रॅम कर्ब विरघळलेला होता असे मानले, तर एकूण १२ किलो कर्ब जातो. त्याच हेक्टरमधून १० टन माती गेली व तीत शेकडा अर्धा कर्ब होता असे धरले, तर ५० किलो कर्ब जातो. म्हणजे विरघळून जाणाऱ्या कर्बापेक्षा मातीबरोबर जाणारा कर्ब अधिक भरतो. या हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात एकूण सुमारे १०,००० किलो कर्ब असतो. त्यापुढे वरील आकडे लहान वाटतील. परंतु हा व्यय दर वर्षीचा आहे, आणि त्याबरोबर नत्र, स्फुरद व सुपीक बारीक कण हेही जातात. दोन्ही प्रकारच्या व्ययावर उपाय एकच आहे. पाणी शेतात थांबवावे, मुरवावे, आणि मगच पुढे जाऊ द्यावे.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) धुरे व बांध्यांची पाळ पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावी. उताराच्या जमिनीत समपातळीवर पेरणी व बांधबंदिस्ती करावी.

(२) पऱ्हाटीच्या काड्या, तुरीची धसकटे व सोयाबीनचे कुटार जाळू नये. त्यांचे कंपोस्ट करावे किंवा आच्छादन म्हणून वापर करावा. जळक्या कर्बाचाही काही अंश पाण्यात विरघळतो. जगातील नद्यांनी वाहून नेलेल्या विरघळलेल्या कर्बाचा सुमारे दहावा भाग जळक्या कर्बाचा असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे.

(३) धानाच्या रोवणीपूर्वी ताग किंवा धैंचा घेऊन हिरवळीचे खत गाडावे. शेणखत उघड्यावर पावसात भिजत ठेवू नये. त्याच्या ढिगातून झिरपणारे काळे पाणी म्हणजे विरघळून चाललेले खतच होय.

(४) मामा तलाव व बोड्या यांत साचलेला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात पसरावा. वाहून गेलेला कर्ब समुद्राची वाट धरण्यापूर्वी परत मिळविण्याचा हा सुलभ मार्ग आहे.

(५) माती परीक्षण करून घ्यावे. मृद आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा आकडा दिलेला असतो. तो शेकडा ०.५० पेक्षा कमी असल्यास जमीन कर्बाने दुर्बळ समजावी, ०.५० ते ०.७५ असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास समाधानकारक मानावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पहिल्या मोठ्या पावसानंतर बांध घातलेल्या व न घातलेल्या अशा शेजारच्या दोन शेतांतून बाहेर पडणारे पाणी दोन बाटल्यांत भरून ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवावे. खाली बसलेल्या गाळाची जाडी व वरच्या पाण्याचा रंग यांतील फरक सर्वांस दिसेल. त्यानंतर त्या पाण्याचा आंभोऱ्यापासून पुढचा प्रवास नकाशावर दाखवावा. वैनगंगेने नेलेल्या कर्बाची खूण बंगालच्या उपसागरात शोधता येते, पण तेथून तो परत आणता येत नाही. तो राखण्याची जागा कुहीच्या शेतातच आहे.